येनची चिन्हं

ऑगस्टात होस्टिंगचं बिल आलं तेव्हा मी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. पहिल्या वर्षी 1,200 रुपये होते, चौथ्या वर्षी 5,500. विचारणा केली तर दोन दिवसांनी साच्यातलं उत्तर आलं. मग ठरवलं, बिऱ्हाड हलवायचं.

माझ्या गळ्यात तीन साइट्स आहेत: बाबांनी सत्तरीत लिहिलेल्या किल्ल्यांच्या नोंदी, माझी शब्दकोडी आणि सोसायटीच्या ग्रंथालयाची (म्हणजे जिन्याखालच्या दोन कपाटांची) यादी. दिवसाला वीसेक माणसं फिरकली तरी खूप. पण पावसाळ्यात बाबांच्या राजगडाच्या पानावर रोज कोणी ना कोणी येतंच, त्यामुळे बंद करवत नाही.

बेंगळुरूच्या भाच्याला फोन लावला. "मावशी, नाव कुठून घेतलंयस आणि जागा कुठून, ते आधी बघ." हे दोन वेगळे व्यवहार असतात हे मला त्या दिवशी कळलं. डोमेन म्हणजे नाव, ते वर्षाच्या बोलीने नोंदवायचं. होस्टिंग म्हणजे भाड्याची खोली, तिथे आपल्या फायली राहतात. आणि अमुक नावाचा माणूस तमुक खोलीत राहतो, हे सांगणारी वही म्हणजे डीएनएस. खोली बदलली तरी नाव तेच राहतं, वहीतली ओळ तेवढी बदलायची.

ती ओळ जगभरचे सर्व्हर ठरावीक वेळ पाठ करून ठेवतात. माझ्याकडे ती मुदत 86,400 सेकंद, म्हणजे अख्खा दिवस होती. भाच्याने ती हलवण्याच्या आदल्याच दिवशी 300 वर आणायला लावली, म्हणजे काही चुकलं तर पाच मिनिटांत मागे फिरता येतं.

फायली चहा होईपर्यंत उतरल्या. घोळ झाला डेटाबेसचा, म्हणजे पानांचा मजकूर जिथे साठतो त्याचा. नव्या जागी बाबांचं पान उघडलं तर मराठीचा पत्ता नाही. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्याच्यापुढे चार शिंगांचं वर्तुळ, मग आणखी काहीतरी, की पुन्हा तोच ए. पंचवीस वर्षं डीटीपी केलंय, फॉन्ट बदलल्यावर होणारा चिवडा मला नवा नाही. पण या चिवड्याला शिस्त होती. मध्येमध्ये चक्क जपानी येनचं चिन्ह! मूळ मजकूर शेजारी ठेवून जुळवून पाहिलं, तर जिथे उकार, मात्रा किंवा पाय मोडलेलं अक्षर, तिथे येन.

कारण असं निघालं. युनिकोडच्या यूटीएफ-8 या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवतात. जुना डेटाबेस लॅटिन-1 या युरोपीय अक्षरसंचाच्या हिशेबाने चालायचा. मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीत 2018 साली आवृत्ती 8 येईपर्यंत, आपण मुद्दाम बदललं नाही तर, तीच पद्धत होती. माझा डेटाबेस एकेका बाइटला एकेक अक्षर समजायचा. चुकीचं लिहायचा आणि तसंच चुकीचं वाचायचा, त्यामुळे इतकी वर्षं पडद्यावर मराठी बिनबोभाट दिसत होती. नव्या जागेने मात्र ते 'बरोबर' वाचलं आणि बिंग फुटलं.

उपाय गमतीचा आहे. प्रत काढताना जुन्या डेटाबेसला लॅटिन-1 मध्येच बोलू द्यायचं, मग त्या फाइलमधल्या लॅटिन-1 च्या नोंदी खोडून तिथे यूटीएफ-8-एमबी-4 (मायएसक्यूएलमधलं यूटीएफ-8) लिहायचं आणि मग चढवायची. मी तीनदा चुकले. चौथ्यांदा राजगडाच्या पानावर "पाली दरवाजा" अशी अक्षरं उमटली तेव्हा मोठ्याने वाचली.

एवढ्या गडबडीत मेल राहिली. मी वहीतली ओळ न बदलता अख्खी वहीच नव्या कंपनीकडे दिली, आणि जुन्या वहीत मेलचीही एक ओळ होती. ती नव्या वहीत उतरवलीच नाही. दीड दिवस ग्रंथालयाच्या पत्त्यावरची पत्रं परत जात होती. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचे काका दार वाजवून म्हणाले, "अहो, 'ययाति' परत करायचंय, तुमचा मेल घेत नाही."

जुन्या खोलीचं भाडं महिनाभर जास्तीचं भरलं. रोज रात्री तिथली नोंद बघायचे, चुकून कोणी जुन्या पत्त्यावर येतंय का. पहिले दोन दिवस पाचसात जण आले, मग एक. शेवटच्या आठवड्यात शोधयंत्राचा एक रोबो तेवढा येऊन दार ढकलून जायचा. 30 तारखेला फायली पुसल्या, तेव्हाही तो सकाळी येऊन गेलेला होता.