तोफा मागे कोणी ओढल्या?

२ जुलै १८६३ च्या संध्याकाळी, पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गजवळ, मॅसॅच्युसेट्सच्या नवव्या स्वयंसेवक बॅटरीने आपल्या सहा तोफा शत्रूवर मारा करत करत सुमारे ४०० यार्ड, म्हणजे ३६५ मीटर मागे आणल्या. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या इतिहासात हा प्रसंग वारंवार सांगितला जातो, आणि सांगताना बहुधा एक चित्तवेधक खुलासाही जोडला जातो: प्रत्येक बाराच्या धक्क्याने तोफ थोडी मागे सरकायची आणि अशा धक्क्याधक्क्यांनीच बॅटरी माघारी आली. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचे हे रणांगणावरचे प्रात्यक्षिक म्हणून फार छान वाटते. पण गणित करून पाहिले तर ते पुरत नाही, आणि जिथे ते अपुरे पडते तिथेच या बॅटरीच्या सेवेचा खरा आधार दिसू लागतो. तो आधार म्हणजे तिचे घोडे.

ही बॅटरी ऑगस्ट १८६२ मध्ये उभी राहिली. त्यानंतरचे जवळजवळ सारे पहिले वर्ष तिने वॉशिंग्टनच्या संरक्षक फळीत, प्रत्यक्ष लढाईपासून दूर काढले. १८६३ च्या सुरुवातीला हार्वर्डमधून बाहेर पडलेला तरुण अधिकारी जॉन बिगेलो तिचा कॅप्टन झाला आणि त्याने कडक शिस्तीने कवायती करून घेतल्या. गेटिसबर्ग ही तिची पहिलीच मोठी लढाई. तिच्याकडे सहा ‘नेपोलियन’ तोफा होत्या, म्हणजे १२ पौंडी गोळा फेकणाऱ्या, गुळगुळीत नळीच्या काशाच्या तोफा. दुपारनंतर व्हीटफील्ड रस्त्यालगत त्या मांडल्या गेल्या. पुढे पीच ऑर्चर्ड या बागेतली उत्तरेची फळी कोसळली, शेजारच्या बॅटऱ्या हटल्या आणि ही बॅटरी एकटी उरली. तिने तोफांना ‘प्रोलाँज’ बांधले आणि ट्रॉसल यांच्या शेतघराच्या दिशेने माघार सुरू केली. प्रोलाँज म्हणजे सुमारे आठ मीटर लांबीचा जाड दोर. त्याचे एक टोक तोफेच्या गाड्याच्या शेपटीला आणि दुसरे पुढच्या दुचाकी गाड्याला, म्हणजे लिंबरला बांधलेले असते, आणि लिंबरला घोडे जुंपलेले असतात.

आता धक्क्याचा हिशेब करू. नेपोलियन तोफेची नळी सुमारे ५५५ किलोची आणि तिचा गाडा ५१० किलोच्या आसपास, म्हणजे एकूण वजन हजार किलोच्या थोडे वर. गोळा साडेपाच किलोचा, दारू सव्वा किलोच्या आत, आणि नळीतून बाहेर पडताना गोळ्याचा वेग सेकंदाला सुमारे ४४० मीटर. गोळ्याचा संवेग तोफेच्या वजनाने भागला की तोफेला मागे मिळणारा वेग सेकंदाला सव्वादोन मीटर निघतो. मागोमाग सुटणाऱ्या वायूंचा धक्का मिळवला तर तो तीन मीटरच्या जवळ जातो. पण गाड्याची शेपटी जमिनीत रुतत घासत असते, त्यामुळे हा वेग लगेच विरतो आणि तोफ एक-दीड मीटर सरकून थांबते. उलट बाजूने उदारपणे मोजू: जमीन टणक आणि उताराची आहे, म्हणून तोफ दर बाराला तीन मीटर सरकली असे धरू. त्या दिवशी बॅटरीने तीन टनांहून थोडा अधिक दारूगोळा उडवला, असे नोंदींत आहे. एका बाराचे वजन साधारण सात किलो धरले तर हे चारशेच्या आसपास बार होतात, दर तोफेमागे सुमारे सत्तर. हे सगळे बार माघारीतच उडाले असे मानले, तरी सत्तर गुणिले तीन म्हणजे २१० मीटर. प्रत्यक्षात बरेचसे बार आधीच्या जागेवरून, माघार सुरू होण्यापूर्वीच उडाले होते, आणि तिथे मागे सरकलेली तोफ गोलंदाज हातांनी ढकलून पुन्हा मूळ जागी आणत. तेव्हा ३६५ मीटर धक्क्याने कापणे शक्यच नव्हते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की लढाईत असलेल्या लोकांच्या आठवणी खोट्या कशा ठरवता? मी त्या खोट्या ठरवत नाही. तोफ दर बाराला मागे उडी घेते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्या उडीने दोर सैल पडायचा, लिंबरचे घोडे चार पावले पुढे जाऊन तो ताणायचे आणि पुढच्या बारासाठी भरताना तोफ दोरावर सरकत राहायची. धक्का आणि ओढ या दोन्ही गोष्टी एकाच हालचालीत गुंफलेल्या होत्या. तोफेजवळ उभ्या असलेल्याच्या डोळ्यांत धक्काच भरतो, दोराच्या पलीकडे शांतपणे चालणारे घोडे भरत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे काम माणसांनीही केले असेल. सहा-सात गोलंदाज हजार किलोची तोफ सपाट जमिनीवर काही मीटर ढकलू शकतात हे खरे. पण त्याच लोकांना नळी पुसायची, दारू ठासायची, नेम धरायचा आणि बार उडवायचा होता, तोही दक्षिणेच्या पायदळाच्या बंदुकांसमोर. त्या दिवशी बॅटरीतले ८ जण ठार आणि १८ जखमी झाले. उरलेल्यांच्या अंगात तेवढे बळ उरले होते असे धरणे अवघड आहे.

घोड्यांच्या बाजूचा पुरावा मात्र भक्कम आहे. भरलेल्या लिंबरसह तोफ सुमारे पावणेदोन टन भरते आणि ती सहा घोड्यांची जोत ओढते. दारूगोळ्याच्या दर गाड्याला आणखी सहा. संपूर्ण भरतीच्या सहा तोफांच्या बॅटरीला शंभराच्या वर घोडे लागत. सैन्याच्या नियमाप्रमाणे एका घोड्याला रोज १४ पौंड वाळले गवत आणि १२ पौंड चंदी. शंभर घोडे धरले तर दिवसाला जवळजवळ १२०० किलो होतात. म्हणजे गेटिसबर्गला उडालेल्या तीन टन दारूगोळ्याइतके वजन घोडे अडीच दिवसांत खाऊन संपवत. बॅटरीच्या इतिहासात लढायांची नावे ठळक येतात, पण दोन लढायांच्या मधले दिवस या चंदीच्या जोरावरच पुढे सरकत होते. कागदोपत्री बॅटरीची ताकद तोफांच्या संख्येने मोजली जाई. माझ्या मते तिची ताकद जिवंत घोड्यांच्या संख्येने मोजायला हवी.

ट्रॉसल यांच्या अंगणात याची कसोटी लागली. तिथे दगडी कुंपणाने वाट अडवली होती, आणि मॅकगिल्व्हरी या वरिष्ठ अधिकाऱ्याने बिगेलोला काहीही झाले तरी टिकून राहण्याचा हुकूम दिला, कारण मागे प्लम रन ओढ्यापलीकडे तोफांची नवी फळी उभी करायला वेळ हवा होता. ‘कॅनिस्टर’चे, म्हणजे एका डब्यात २७ लोखंडी गोळे भरलेले, बार उडत राहिले, त्या दिवशीचा त्यांचा आकडा ९२. नेपोलियनच्या तोंडासमोरून पुढे येण्यापेक्षा घोडे टिपणे सोपे, हे त्या युद्धातल्या प्रत्येक पायदळाला माहीत होते. जोतीतला एक घोडा पडला की बाकीचे पाच त्याच्या सामानात अडकतात आणि पट्टे कापल्याशिवाय गाडा हलत नाही. लेफ्टनंट मिल्टनच्या दोन तोफा कशाबशा निघाल्या, उरलेल्या चार तिथेच राहिल्या. लढाईत नेलेल्या ८८ घोड्यांपैकी सुमारे ८० मेले किंवा निकामी झाले. काही दिवसांनी टिमथी ओसलिव्हनने घेतलेल्या छायाचित्रांत घराभोवती पसरलेली त्यांची कलेवरे दिसतात.

इथे एक खरा प्रश्न उरतो: तोफा घोड्यांमुळे गेल्या की हुकमामुळे? हुकूम नसता तर बॅटरी आधीच निघाली असती, हे मान्य. पण हुकूम सहाही तोफांच्या बॅटरीला होता. निघालेल्या दोन आणि राहिलेल्या चार यांतला फरक त्या घटकेला जोतीत उभे राहिलेल्या घोड्यांचाही होता. शिवाय पकडलेल्या चार तोफा मिसिसिपीच्या एकविसाव्या रेजिमेंटलाही नेता आल्या नाहीत; पायदळाजवळ त्या ओढायला जोत कुठली? अंधार पडण्याच्या सुमारास त्या परत मिळाल्या. मधल्या वेळात मॅकगिल्व्हरीची फळी उभी राहिली होती. जखमी बिगेलोला चार्ल्स रीड या बिगुलवाल्याने घोड्यावर बसवून मागे आणले. त्याबद्दल त्याला १८९५ मध्ये मेडल ऑफ ऑनर मिळाले.

पुढे बॅटरी पुन्हा बांधली गेली. १८६४ मध्ये तिने व्हर्जिनियातल्या ओव्हरलँड मोहिमेत आणि पीटर्सबर्गच्या वेढ्यात काम केले, आणि जून १८६५ मध्ये ती सेवामुक्त झाली. गेटिसबर्गला तिच्या चारही तोफा काही तासांत हाती आल्या होत्या, पण मेलेल्या ऐंशी घोड्यांच्या जागी पुन्हा शिकवून तयार केलेली जोत उभी करायला त्याहून कितीतरी जास्त दिवस लागणार होते.