मुरुमांवरचं औषध, पण चेहऱ्याची आग नको

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएनं मुरुमांवरच्या काही बेन्झॉईल पेरॉक्साइड उत्पादनांत कर्करोगकारक बेन्झीन सापडल्याचं सांगितलं आणि एकच घबराट उडाली. तपासलेल्या ९५ पैकी ९० टक्क्यांहून अधिक उत्पादनांत ते नव्हतंच किंवा अगदी नगण्य होतं, ही ओळ मात्र फारशी कुणी फॉरवर्ड केली नाही. या गोंधळात जुनं दुखणं बाजूलाच राहिलं. मुरुमांवरची जुनी औषधंही चांगली लागू पडतात, पण पहिल्या पंधरवड्यातच चेहरा लाल होतो, सालपटं निघतात आणि ट्यूब कपाटात जाऊन पडते.

ट्रेटिनॉईनचंच बघा. अमेरिकेत १९७१ पासून बाजारात असलेलं हे औषध त्वचेवर एकदम सगळं उतरलं की भाजल्यासारखं होतं. शिवाय उजेडात ते स्वतःच विघटित होतं. त्यामुळे औषध तेच ठेवून ते हळूहळू सोडायचं, असा मार्ग निघाला. छिद्राछिद्रांच्या सूक्ष्म गोळ्यांत, म्हणजे ‘मायक्रोस्पंज’मध्ये, ट्रेटिनॉईन भरलेलं जेल १९९७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांत एम.फार्म.च्या प्रकल्पासाठी मायक्रोस्पंज हा लाडका विषय. इथाईल सेल्युलोज आणि औषध द्रावकात विरघळवायचं, पॉलिव्हिनाईल अल्कोहोलच्या पाण्यात ओतून तासन् तास ढवळायचं. द्रावक निघून जातो, सच्छिद्र कण उरतात. ते जेल घडवणाऱ्या कार्बोपॉलमध्ये मिसळून ट्रायइथेनॉलमाइनचे थेंब टाकले की पातळ मिश्रण बघता बघता दाट होतं. पुढे फ्रान्झ सेलमध्ये पडद्यातून तासातासाला किती औषध उतरतं ते मोजायचं. ढवळण्याचा वेग बदलला तरी कणांचा आकार बदलतो. प्रकल्पाचे निम्मे महिने त्यातच जातात.

मुंबईत माटुंग्याच्या ‘आयसीटी’त (तेव्हाची ‘यूआयसीटी’) डॉ. वंदना पत्रावळे यांच्या गटानं वेगळी वाट धरली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्यांनी ट्रेटिनॉईन घन मेदाच्या नॅनोकणांत बंद करून त्या कणांचं जेल बनवलं. औषध उजेडात जास्त टिकलं. उंदराच्या त्वचेतून ते बाजारातल्या क्रीमइतकंच पाझरलं आणि त्वचेवरच्या पॅच चाचणीत लाली मात्र त्या क्रीमपेक्षा बरीच कमी दिसली. एकाच जेलनं सौम्यपणा आणि टिकाऊपणा दोन्ही साधलं, हे या कामाचं खरं मोल.

पण प्राण्याची त्वचा म्हणजे सतरा वर्षांच्या पोरीचा घामेजलेला, तेलकट चेहरा नव्हे. माणसांवरच्या चाचण्यांना लागणारा पैसा कॉलेजांकडे नसतो, म्हणून कितीतरी चांगली जेल प्रबंधाच्या बांधणीतच अडकून राहतात.

तोवर दुकानात एक अतिसौम्य पर्याय हजरच असतो: स्टेरॉईडचं क्रीम. त्यानं आग होत नाही, चार दिवसांत चेहरा उजळ दिसतो. २०१८ मध्ये आपल्या सरकारनं अशा १४ स्टेरॉईडांच्या मलमांना ‘शेड्युल एच’मध्ये टाकलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी ती सर्रास मिळतात आणि काही आठवडे लावली की त्यांच्यामुळेच नवे मुरूम उठतात.