क्लच प्लेट गेली की नुसती वायर? बाईकचं दुखणं गॅरेजला जाण्याआधी असं ओळखा

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ लागतो. गाडीवर दोघं जण, टाकीवर बॅग. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की इंजिन जोरात ओरडतं, पण गाडी काही वेग घेत नाही. मागे ट्रकचा हॉर्न सुरू असतो आणि ओव्हरटेक करायला निघालेला माणूस मध्येच अडकतो.

दुसरा प्रसंग शहरातला. सिग्नलला पहिला गिअर टाकून, क्लच पूर्ण दाबून माणूस उभा असतो, तरी गाडी हळूहळू पुढे सरकत राहते. न्यूट्रल टाकायला जावं तर तो काही सापडत नाही.

दोन्ही तक्रारी गॅरेजमध्ये सांगितल्या की अनेकदा एकच उत्तर ऐकू येतं, "क्लच प्लेटा गेल्यात, बदलाव्या लागतील." प्रत्यक्षात ही दोन दुखणी एकमेकांच्या अगदी उलट आहेत. दोन्हींमध्ये प्लेटा शाबूत असू शकतात आणि दोष फक्त वायरच्या सेटिंगचा असू शकतो. त्यामुळे इंजिनचं कव्हर उघडण्याआधी क्लचचं नेमकं काय बिघडलंय हे ओळखता आलं, तर पैसेही वाचतात आणि रस्त्यावरचा धोकाही टळतो.

क्लच नेमकं काय करतो?

इंजिन चालू असेपर्यंत फिरतच राहतं. मागचं चाक मात्र सिग्नलला थांबायला हवं. या दोघांना जोडणारा आणि गरज पडली की तोडणारा दुवा म्हणजे क्लच.

बहुतेक गिअरच्या बाईकमध्ये इंजिनच्या एका बाजूच्या कव्हरखाली क्लचचं डबं असतं. त्यात दोन प्रकारच्या प्लेटा एकाआड एक रचलेल्या असतात. घर्षणाचं अस्तर लावलेल्या प्लेटा इंजिनच्या बाजूने फिरतात, तर साध्या स्टीलच्या प्लेटा गिअरबॉक्सकडे जोडलेल्या असतात. स्प्रिंग या सगळ्या प्लेटांना एकमेकींवर घट्ट दाबून धरतात, त्यामुळे इंजिनची ताकद चाकापर्यंत पोहोचते. लिव्हर दाबला की वायर ओढली जाते, स्प्रिंगचा दाब उचलला जातो आणि प्लेटा सुट्या होतात. हे सगळं इंजिन ऑइलमध्ये बुडालेलं असतं, म्हणून त्याला 'वेट क्लच' म्हणतात.

म्हणजे क्लचची कामं दोनच. सोडला की पूर्ण पकडायचं आणि दाबला की पूर्ण सोडायचं. बिघाडही मुख्यतः दोनच. एक तर क्लच घसरतो, म्हणजे नीट पकडत नाही. किंवा क्लच चिकटतो, म्हणजे नीट सुटत नाही.

(गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये डाव्या हाताला ब्रेक असतो आणि क्लच आपोआप चालतो. तिथे पुढच्या चाचण्या लागू होत नाहीत.)

क्लच घसरतोय हे कसं ओळखायचं?

मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडी वरच्या गिअरमध्ये ४० च्या आसपास वेगाने चालवावी आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम पिळावा. निरोगी गाडीत इंजिनचा आवाज आणि वेग सोबतच वाढतात. क्लच घसरत असेल तर आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो किंवा येतच नाही. आरपीएम मीटर असेल तर काटा उडी मारताना दिसतो. मीटर नसेल तर कानही पुरतात. चढावर आणि मागे माणूस बसलेला असताना हा फरक सर्वात आधी जाणवतो.

सोबतीची लक्षणं म्हणजे जळका वास, इंजिन जास्त तापणं आणि अ‍ॅव्हरेज घटणं.

इथे एक गल्लत होते. पिकअप गेला म्हणजे क्लचच गेला असं नाही. एअर फिल्टर तुंबला किंवा ब्रेक चाकाला घासत असला, तरी गाडी ओढत नाही. पण तेव्हा इंजिनचा आवाजही चढत नाही, ते दबल्यासारखं वाटतं. इंजिन मोकळं पळतंय आणि चाक मागे राहतंय, असं दिसलं तरच संशय क्लचवर घ्यावा.

क्लच सुटत नाही हे कसं कळतं?

इंजिन गरम झाल्यावर सपाट जागेवर क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकावा. गाडी पुढे सरकत असेल, गिअर टाकताच इंजिन बंद पडत असेल किंवा इंजिन चालू असताना न्यूट्रल सापडत नसेल, पण बंद केल्यावर लगेच सापडत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही.

सकाळी पहिल्यांदा गिअर टाकताना 'खट्' असा आवाज आला तर लगेच घाबरू नये. थंड, घट्ट ऑइलमुळे रात्रभर प्लेटा एकमेकींना थोड्या चिकटलेल्या असतात. गाडी गरम झाल्यावरही तेच होत असेल तर लक्ष द्यायला हवं.

पहिली तपासणी लिव्हरच्या 'प्ले'ची

लिव्हर बोटाने हलकेच ओढला की सुरुवातीला तो अगदी मोकळा येतो आणि मग वायरचा ताण जाणवतो. या मोकळ्या अंतराला मेकॅनिक 'प्ले' म्हणतात. अनेक कम्युटर गाड्यांमध्ये लिव्हरच्या टोकाशी तो १० ते २० मिलिमीटर ठेवायला सांगितलेला असतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळतो आणि मोजायला शाळेची पट्टी पुरते.

प्ले अजिबात नसेल तर लिव्हर सोडलेला असतानाही वायर क्लचला थोडी ओढून धरते. प्लेटा पूर्ण दाबल्या जात नाहीत आणि क्लच घसरतो. उलट प्ले फार जास्त असेल तर लिव्हर हँडलला टेकला तरी प्लेटा पूर्ण सुटत नाहीत आणि क्लच चिकटतो. म्हणजे दोन्ही तक्रारींचं मूळ या एका मापात असू शकतं.

प्ले कमी-जास्त करायला लिव्हरपाशी एक छोटा अ‍ॅडजस्टर असतो आणि वायरच्या खालच्या टोकाला, इंजिनजवळ दुसरा. लॉक नट सैल करून अ‍ॅडजस्टर बाहेर काढला की प्ले कमी होतो, आत घेतला की वाढतो. सेटिंग झालं की लॉक नट पुन्हा आवळायला विसरू नये. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावं. वळवल्यावर प्ले बदलत असेल तर वायर कुठेतरी ओढली जातेय किंवा अडकतेय.

प्ले आपोआप कुठे सरकतोय?

प्ले नुसता नीट करून थांबू नये, तो कोणत्या दिशेने बदलला होता हेही लक्षात ठेवावं. सगळ्यात उपयोगी खूण तीच आहे.

प्लेटा झिजून पातळ झाल्या की त्यांची थप्पी आत बसते आणि लिव्हरचा प्ले कमी होत जातो. वायर ताणली गेली किंवा तिचे धागे तुटू लागले की प्ले वाढत जातो. म्हणून दर थोड्या दिवसांनी प्ले सैल करावा लागत असेल आणि तरीही क्लच घसरत असेल, तर प्लेटा संपत आल्या असं समजावं. दर वेळी प्ले आवळावा लागत असेल, तर वायरचा शेवट जवळ आला आहे.

वायर काय सांगते?

लिव्हर जड झाला असेल तर पहिला संशय वायरवर घ्यावा. पावसाळ्यात पाणी आणि चिखल आत जाऊन वायर गंजते. लिव्हरजवळचं रबर सरकवून वायरचं टोक बघावं. एखादा जरी धागा तुटून उभा राहिलेला दिसला तर वायर लगेच बदलावी. ती प्लेटांच्या मानाने अगदी स्वस्त असते, पण भर गर्दीत तुटली तर मोठी फजिती होते.

चालत्या गाडीत वायर तुटलीच तर अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, ब्रेक लावत गाडी कडेला घ्यावी आणि पूर्ण थांबण्याआधी किल स्विचने इंजिन बंद करावं. लांबच्या प्रवासाला निघणारे अनेक जण जुन्या वायरच्या शेजारी नवी वायर आधीच बांधून ठेवतात, ते याचसाठी.

काही गाड्यांमध्ये वायरऐवजी हायड्रॉलिक क्लच असतो. तिथे छोट्या टाकीतल्या ऑइलची पातळी बघावी. लिव्हर लिबलिबीत लागत असेल तर पाइपमध्ये हवा शिरलेली असू शकते.

ऑइल बदलल्यावर क्लच घसरू लागला?

मग डब्यावरचं लेबल वाचावं. काही कार ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असतात. कारचा क्लच इंजिन ऑइलमध्ये नसल्याने तिथे ते चालतात. बाईकमध्ये मात्र त्याच ऑइलात क्लच बुडालेला असतो आणि त्याला घर्षणच हवं असतं. म्हणून वेट क्लचच्या गाड्यांसाठी जपानी वाहन मानक संस्थेने 'जासो एमए' आणि 'एमए २' अशा श्रेणी ठरवल्या आहेत. 'एमबी' ही कमी घर्षणाची श्रेणी गिअरलेस स्कूटरसाठी चालते, गिअरच्या बाईकसाठी नाही. चुकीचं ऑइल लवकर बदललं तर क्लच पुन्हा पकड घेऊ शकतो.

कव्हर उघडायची वेळ आलीच तर

प्ले बरोबर आहे, वायर चांगली आहे, ऑइल योग्य आहे आणि तरीही तक्रार कायम आहे, तेव्हाच कव्हर उघडावं. त्या वेळी शक्यतो समोर थांबावं आणि जुने पार्ट बघायला मागावेत.

अस्तराच्या प्लेटांची जाडी व्हर्नियरने मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघता येते. स्टीलच्या प्लेटा निळसर पडल्या असतील तर त्या जास्त तापल्या आहेत. सपाट काचेवर ठेवल्यावर डुगडुगत असतील तर वाकल्या आहेत, आणि वाकलेल्या प्लेटा क्लच सुटू देत नाहीत. स्प्रिंगची लांबीही मोजावी, कारण आखडलेली स्प्रिंग नव्या प्लेटांनाही धरून ठेवू शकत नाही.

क्लच सोडताना गाडी गचके देत असेल तर डब्याच्या खाचा तपासाव्यात. प्लेटांचे दात तिथे आपटून खड्डे पाडतात आणि प्लेटा त्यात अडकतात. हलके खड्डे कानसीने घासून निघतात. खोल असतील तर डबंच बदलावं लागतं, नुसत्या नव्या प्लेटा टाकून उपयोग होत नाही. अर्थात गचके सैल चेनमुळेही बसतात, म्हणून आधी चेन बघावी. नव्या अस्तराच्या प्लेटा बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये भिजवल्या जातात का, हेही विचारावं. कोरड्या बसवल्या तर त्या सुरुवातीलाच जळू शकतात.

प्लेटा लवकर का जातात?

अर्धा क्लच दाबून गाडी चालवणं, चालवताना बोटं लिव्हरवर टेकवून ठेवणं आणि चढावर ब्रेकऐवजी क्लचवर गाडी तोलून धरणं, ही त्याची नेहमीची कारणं. अशा प्रत्येक वेळी प्लेटा एकमेकींवर घासत राहतात. सिग्नल मोठा असेल तर न्यूट्रल टाकून लिव्हर सोडून द्यावा.

घाटात जायचं असेल तर आदल्या दिवशी पट्टी लावून प्ले मोजावा, वायरचं टोक बघावं आणि एकदा वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पिळून कान देऊन ऐकावं. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. त्यानंतर गॅरेजमध्ये "क्लच खराब आहे" असं मोघम न सांगता "क्लच घसरतोय, प्ले बरोबर आहे, ऑइल मागच्याच आठवड्यात बदललंय" असं नेमकं सांगता येतं. इतकं कळल्यावर मेकॅनिकलाही सुरुवात कुठून करायची ते ठरवता येतं, आणि ती प्लेटांपासूनच करावी लागेल असं नाही.