पडद्यावरची गोळी आणि न्यूटनचे नियम

प्रतिनिधी, दिघी

व्हिडिओ गेममध्ये गोळी लागलेला शत्रू अनेकदा चार-पाच फूट मागे उडून पडतो. प्रत्यक्षात असे घडेल का? शालेय भौतिकशास्त्र त्याचे उत्तर देते. लष्करी रायफलीची सुमारे ४ ग्रॅमची गोळी सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. ती ७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात रुतली, तरी संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार त्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम ५ सेंटिमीटर भरतो. गोळी प्राणघातक ठरते ती शरीर भेदल्यामुळे, धक्क्यामुळे नव्हे. शत्रू उडणार असेल, तर क्रिया-प्रतिक्रियेच्या नियमाने गोळी झाडणाराही मागे फेकला जायला हवा!

अर्थात, सारेच खोटे नसते. 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये चाप ओढताच गोळी लक्ष्यावर पोहोचल्याचे गृहीत धरले जाते. 'पबजी'मध्ये मात्र गोळीला अंतर कापण्यास वेळ लागतो आणि ती खाली झुकते. हे वास्तवाला धरून आहे. हवेचा विरोध सोडला, तरी ३०० मीटर अंतर कापताना गोळी सुमारे अर्धा मीटर खाली येते. म्हणूनच दूरच्या लक्ष्यावर नेम किंचित वर धरावा लागतो.

खेळाच्या सोयीसाठी नियम मोडले जातात ते इजेच्या बाबतीत. १० मीटर उंचीवरून उडी मारणारा जमिनीवर ताशी ५० किलोमीटर वेगाने आदळतो. गेममधील नायक मात्र उठून धावू लागतो. मोटारीच्या दाराआड तो सुरक्षित असतो. वस्तुतः रायफलीची गोळी तो पातळ पत्रा सहज भेदते. जखम काही क्षणांत भरते. एकाच गोळीत खेळ संपू लागला तर खेळणार कोण, हा निर्मात्यांपुढील प्रश्न.

खरा धोका किती वेगळा असतो, याची साक्ष दिघीतच मिळते. येथील 'डीआरडीओ'च्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेने 'दक्ष' हा दूरनियंत्रित यंत्रमानव विकसित केला, तो संशयित बॉम्बजवळ जवानाला जावे लागू नये म्हणून. पडद्यावर हातबॉम्बपासून चार पावले मागे सरले की भागते. प्रत्यक्षात त्याच्या कपच्या कितीतरी दूर उडतात.

मुलांनी गेम जरूर खेळावेत. मात्र पडद्यावरील गुरुत्वाकर्षण खरे वाटले, म्हणून तेथील जखमही खरी मानू नये, एवढे पालकांनी त्यांना समजावून सांगायला हवे.