रीबूट केलंस का?

तीन तास, एक कॉम्प्युटर आणि समोर कामांची यादी. अ-ब-क-ड पर्याय नाहीत, थिअरी नाही, इंटरनेटही बंद. रेड हॅटची ‘आरएचसीएसए’ ही लिनक्स सिस्टीम ॲडमिनची परीक्षा अशी असते. ३०० पैकी २१० गुण मिळाले की पास.

मी मास कॉमवाली. टर्मिनल म्हटलं की मला विमानतळच आठवतो. पण माझी रूममेट ही परीक्षा देऊन आली आणि रडली. शिकवण्या घेऊन साठवलेली फी गेली होती. पेपरात काय होतं ते ती सांगत नाही, तसं लिहून दिलेलं असतं. चूक मात्र सांगितली. ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये एक अक्षर चुकलं, रीबूट केलं आणि मशीन थेट इमर्जन्सी मोडमध्ये! ते सावरण्यात वेळ संपला.

तुम्हीही तयारी करत असाल, तर तिच्या वहीतलं हे वाचाच.

या परीक्षेत तुमचं काम रीबूटनंतरही टिकलं पाहिजे. सर्व्हिस नुसती ‘स्टार्ट’ केली तर ती आत्ता चालते. मशीन परत सुरू झाल्यावरही ती चालू हवी, तर ‘एनेबल’ करावी लागते. एफएसटॅबमध्ये ओळ लिहिली की आधी ‘माउंट -ए’ चालवा. एरर आली तर तिथंच दुरुस्त करा, मगच रीबूट.

एसई-लिनक्सला घाबरून ते बंद करू नका. फाइल होम फोल्डरमधून वेबसाइटच्या फोल्डरमध्ये ‘एमव्ही’नं हलवली, तर जुनं लेबल तिच्यासोबत येतं आणि परमिशन बरोबर असूनही पान उघडत नाही. तेव्हा ‘रिस्टोरकॉन’ चालवायचं.

कमांड पाठ करत बसू नका. ‘मॅन’ पेजेस मशीनमध्येच असतात. ‘मॅन -के’ लिहून शब्द शोधायची सवय लावा, गुगल नसताना तीच कामी येते.

सरावाला खर्च नाही. लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाका, त्यात अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स. दोन्ही फुकट आणि रेड हॅटसारखीच. स्नॅपशॉट घ्या आणि मग मशीन मुद्दाम बिघडवा. रूटचा पासवर्ड ‘विसरा’ आणि परत मिळवा. एफएसटॅब चुकवा आणि सावरा. बिघडलं तर स्नॅपशॉट आहेच!

रूममेट पुढच्या महिन्यात पुन्हा बसतेय. रोज रात्री ती स्वतःचंच मशीन मोडते, घड्याळ लावते आणि दुरुस्त करते. परवा मी विचारलं, “झालं का?” ती म्हणाली, “थांब, रीबूट करून सांगते.”

तुमचा अभ्यास झालाय असं वाटतंय? मग एकदा रीबूट करून बघा.