खोलीपेक्षा लांब गर्डर

मुंबई-पुण्यातल्या जुन्या चाळींत आणि वाड्यांत सागवानी तुळई बहुधा भिंतीत शिरते तिथंच आधी कुजते, कारण ओल तिथं मुरते. मग अभियंता लोखंडी गर्डर सुचवतो आणि कोडं उभं राहतं. खोली 5 मीटरची, पण गर्डरचं प्रत्येक टोक भिंतीवर निदान 15 सेंटिमीटर टेकायला हवं. म्हणजे 5.3 मीटरचा गर्डर 5 मीटरच्या जागेत बसवायचा! एका भिंतीत खोल खोबण करून तो आत सारायचा आणि मग मागं ओढून समोरच्या भिंतीत टेकवायचा, ही जुनी युक्ती. पण पलीकडे शेजाऱ्याचं देवघर असलं की ती बारगळते. शिवाय 250 मिलिमीटर उंचीचा गर्डर मीटरला 37 किलो भरतो. जवळपास 200 किलोचं धूड चाळीच्या जिन्यातून वळवणार कोण?

म्हणून तो तुकड्यांत आणतात. टोकाचे तुकडे भिंतींत बसवून खाली टेकू देतात, मधला खालून उचलतात आणि सांध्यांवर प्लेटा लावून बोल्ट आवळतात. लाकडी घरात वेल्डिंगच्या ठिणग्या न उडालेल्याच बऱ्या.

दोन सारखे तुकडे केले तर सांधा एकच, काम कमी. पण तो येतो भर मधोमध, म्हणजे गर्डरला वाकवणारा जोर सर्वाधिक असतो तिथं. भार सर्वत्र सारखा असेल तर भिंतीपासून 1 मीटरवर हाच जोर 64 टक्क्यांवर येतो. तेव्हा तीन तुकडे आणि दोन सांधे, हेच शहाणपणाचं.

खरी मेख बोल्टच्या भोकात आहे. 20 मिलिमीटरच्या बोल्टला 22 मिलिमीटरचं भोक पाडतात, म्हणजे चारही बाजूंनी 1 मिलिमीटर मोकळीक. भार आल्यावर प्लेटा तेवढ्याच सरकल्या, तरी मधोमध सांधा असलेला हा गर्डर 20 मिलिमीटर खाली येतो! वरच्या मजल्याच्या फरशीला तडे जायला तेवढं पुरे. यावर इलाज म्हणजे जास्त ताकदीचे, ठरलेल्या ताणापर्यंत आवळलेले बोल्ट. ते प्लेटांना असे करकचून दाबतात की भार घर्षणानंच पेलला जातो. अर्थात प्लेटांच्या आतल्या बाजूला ऑइलपेंट किंवा ग्रीस लागलं, की घर्षण गेलंच.

टोकंही थेट विटांवर टेकवू नयेत. चुन्यातल्या जुन्या विटा त्या दाबानं चुरतात, म्हणून खाली काँक्रीटचा ठोकळा हवा.

तुमच्या इमारतीत असं काम निघालं, तर सांध्याचा आराखडा आधी मागून घ्या आणि फॉल्स सीलिंग चढण्यापूर्वी बोल्ट अभियंत्याकडून तपासून घ्या.