बारावीनंतर हॉटेलचं शिक्षण की आधी नोकरी?

बारावीचा निकाल जवळ आला की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. लेकीला हॉटेलच्या कामात जायचंय, तर गटाचं कर्ज काढून तिला हॉटेल मॅनेजमेंटला घालावं, की इथंच एखाद्या लॉजवर कामाला लावावं?

आपल्या पंढरपुरातल्या बाईला हे काम नवं नाही. चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी, चारही वाऱ्यांना घरातली खोली मोकळी करायची, वारकरी उतरवायचे, एकादशीला फराळ नि बारशीला पारण्याचा स्वयंपाक करायचा, हे आपण आईच्या हाताखाली शिकलो. पण त्या कामाचा कागद आपल्यापैकी एकीकडेही नाही. अडचण तिथंच आहे.

आम्हाला वाटतं, कर्ज काढण्याआधी मुलीनं तीन-चार महिने काम करून बघावं. आठ-नऊ तास उभं राहणं, दुसऱ्यांच्या चादरी बदलणं, ऐन सणाला सुट्टी नसणं, हे कॉलेजच्या माहितीपुस्तकातल्या फोटोत दिसत नाही. नाहीच जमलं तर चार महिने जातील, हप्ते तरी मागे लागणार नाहीत.

मात्र काम कागदावर हवं. पगार बँकेत, नावाची हजेरी, सोडताना अनुभवाचा दाखला. वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर भविष्यनिर्वाह निधी कापणं बंधनकारक आहे. दहा किंवा जास्त असतील तर 2013 च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी समिती हवी. रात्री उशिरा बाईला थांबवायचं तर तिची संमती लागते आणि घरी सोडायची सोयही मालकानं करायची असते. मालक ओळखीचा आहे म्हणून विचारायला लाजू नका. ओळखीच्याकडेच सगळं तोंडी राहतं.

आता पदवीचं. स्वयंपाकघरात हाताला चव आणि वेग असेल तर पदवीवाचूनही वर चढता येतं. त्यासाठी आयटीआयचा एक वर्षाचा फूड प्रॉडक्शनचा अभ्यासक्रम दहावीनंतर करता येतो. पण पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉटेलात व्यवस्थापक व्हायचं असेल तर पदवी बहुतेक मागतातच. बारावीनंतर त्याच्या दोन वाटा आहेत: राष्ट्रीय परिषदेची प्रवेशपरीक्षा देऊन तीन वर्षांची बीएस्सी, किंवा राज्याची सीईटी देऊन चार वर्षांची बीएचएमसीटी. दोन्हींत काही महिने हॉटेलात प्रत्यक्ष काम करावंच लागतं. (दादरची सरकारमान्य संस्था 1954 साली लीलावती मुन्शी आणि त्यांच्या महिला परिषदेनं सुरू केली, हे लेकींना जरूर सांगा.) पदवी घेऊनही सुरुवात बहुधा खालच्या पायरीवरूनच होते, म्हणून पहिल्या पगारात हप्ता बसतो का, हे आधी मांडून बघा. खासगी कॉलेजात जाण्याआधी मागच्या वर्षीच्या मुली कुठं लागल्या, ते त्या मुलींनाच विचारा, ऑफिसात नको.

फीचं ओझं मात्र आता हलकं होऊ शकतं. जुलै 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे, वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना सरकारी प्रवेशफेरीतून व्यावसायिक शिक्षणात गेल्यास शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क माफ आहे. वसतिगृह आणि जेवणाचा खर्च आपला. थेट कॉलेजात पैसे भरून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत मिळत नाही.

एक धोका आहेच. मुलगी कमवायला लागली की घरात लग्नाचा विषय निघतो, आणि शिक्षण राहतं ते राहतंच. म्हणून आधी नोकरी ठरवलीत तर कोणत्या साली प्रवेशपरीक्षा द्यायची, ते गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर ठरवून ठेवा. चारचौघींत दिलेला शब्द घरातले सहसा मोडत नाहीत.

आणि उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र यासाठी परीक्षा संपली की लगेच सेतूत अर्ज टाका. निकालानंतर तिथं रांग लागते, आणि आषाढी तोंडावर आली की गावातले रस्तेही वळवलेले असतात.